गावपळणीतली मोठी लाट

त्या हिवाळ्यात मला माझ्याच घरात आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसून मासळी चिरायची बंदी होती. तवा सरकवायचा नाही, लोखंडी बालदी विहिरीवर न्यायची नाही, दाराची कडी दाणकन लावायची नाही. आणि बंदी घालणारी कोण? तर माझ्या लेकीची लेक, कावेरी. दर सुट्टीत येऊन ह्याच आडोळीवर चिरलेले बांगडे खाऊन एवढी मोठी झालेली.

कावेरी मुंबईला डॉक्टर व्हायला शिकत होती. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे. ताप आला तर तिचा काडीचा उपयोग नाही, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. साल शहाऐंशी. दिवाळी झाली आणि बाई एस्टीतून उतरल्या त्या दोन ट्रंका, एक मोटारीची बॅटरी आणि तांब्याच्या तारेचं हे एवढं जाडजूड वेटोळं घेऊन. वेटोळं तिनं परसात फणसाखाली खड्डा खणून पुरलं. त्याची वायर माजघरात आणून एका पेटीला लावली. पेटीत टेपची चकती गोगलगायीच्या चालीनं फिरायची. वर एक पेन होतं. खटका फिरवला की ते पेन सरळ वेटोळ्यावरून, नाहीतर टेप उलटी फिरवून पुन्हा लावली की टेपवरून भरभर, कागदावर रेघ ओढत जायचं.

"ह्या काय गो बगतंस?" मी विचारलं.

"पृथ्वी म्हणजे एक मोठो लोहचुंबक, आजये. तेची नाडी बगतंय."

"मग माझी पण बग. सकाळपासून धडधडता."

हसली नाही. हसायचं तिनं सोडलंच होतं. कारण ती नाडी काही लागेना. सकाळी भाताची गिरण सुरू झाली की पेन कागदाबाहेर उडी मारायचं. एस्टी आली की उडी. कोणाचा पंप सुरू झाला की उडी. आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून शेजारच्या गुरुदासाची म्हैस गळ्यात लोखंडी साखळी घेऊन नेमकी आमच्याच फणसाला अंग घासायला यायची. तिला काय, अख्ख्या गावात दुसरं झाड नव्हतं? कावेरी हातात झाडू घेऊन धावायची आणि परत येऊन कपाळाला हात लावून बसायची.

"एक घटकाभर गप रवाक येणा नाय काय ह्या गावाक?"

"गप रवाचा तर मग गाव कित्याक वसवलो?" मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं चुलीकडे गेले.

तिचं दुखणं मला हळूहळू कळलं. वर, हवेच्याही पलीकडे, विजेनं भारलेला तापलेला वायू पसरलेला असतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. ह्या लोहचुंबकाच्या रेषा त्या वायूतून ताणलेल्या सुंभासारख्या गेलेल्या असतात, आणि सूर्याकडून दणका आला की त्या सुंभावरून लाटा पळतात. लहान लाटांचं सगळ्यांना ठाऊक आहे. कावेरीला मोठी लाट हवी होती.

"मोठी लाट एकटी सोडली तर सरळ जाता," ती सांगायची. "पण तिच्यात वायच गडबड झाली की ती गडबड लाटेचोच जोर खावन वाढता. मग लाटेचे तुकडे जातत. एक तुकडो उलटो मागे येता. दुसरो आवाजासारखो फुडे पळता. गणितात असा दिसता."

"म्हणजे गावातल्या सावित्रीच्या चार झिलांसारख्या. बापूस गेलो, भावांत एक बारीकशी कुरबूर झाली, आणि बगता बगता एवढ्या घराचे तुकडे."

"तसाच. पण ता कागदावर. आकाशात खरीच फुटता काय टिकता, ता मेला कोण सांगणा नाय. माका ता बगूचा आसा."

आणि बघायला मिळालं नाही तर? तर जूननंतर विषय सोडायचा, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. मुंबईत लोकलच्या तारांखाली तिची सगळी टेप खराब झाली, म्हणून ती हट्टानं आजोळी आली होती. इथे शांत असतं म्हणे! पोरीनं जन्म मुंबईत काढला, तिला कोकण म्हणजे चित्रातलं वाटत होतं.

एवढ्यात देवानं गावपळणीचा कौल दिला.

आमचा गाव आचऱ्याच्या वाटेवर. काही वर्षांनी, देवाच्या मनात आलं की, सगळा गाव तीन दिवस घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चुली विझवायच्या, दिवे विझवायचे. गाव देवाचा आणि त्याच्या देवचारांचा, म्हणजे भुतांचा. हिंदू म्हणू नका, किरिस्ताव म्हणू नका, कोणी मागे राहत नाही. आल्बिनाबाय तर आमच्या आधी बोचकं बांधून तयार असते.

मी सहज कावेरीला सांगितलं, आणि ती जेवता जेवता उठून उभी राहिली.

"गिरण बंद?"

"बंद."

"पंप?"

"बंद."

"एस्टी?"

"वेशीवरनं परत जाता."

"म्हैस?"

"म्हशीक काय देवान वेगळो हुकूम दिलो? ती पण वेशीभायर."

खरकट्या हातानं तिनं मला मिठी मारली. तीन दिवस गिरण नाही, मोटार नाही, एक चमचा हलायचा नाही. अशी जागा तिच्या सरांना अख्ख्या हिंदुस्थानात मिळाली नसती. "आजये, मशीन चालू ठेवन जातंय. बॅटरी पुरतली, टेप पुरतली."

पण तेवढं सोपं असेल तर तो आमचा गाव कसला! देवळात बैठक बसली आणि गुरुदास उठला. गुरुदास म्हणजे तोच म्हशीवाला. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एक गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला पारई लागते.

"मशीन गावात चालू रवतला, म्हणजे गाव खाली झालो खंय?" तो म्हणाला.

"ता काय माणूस आसा?" कावेरी म्हणाली.

"माणूस नाय. पण तूच म्हणतंस, ता ऐकता. देवचार फिरतले, आणि ह्या बसान ऐकतला?"

"ता वरचा ऐकता, मामा! आकाशातला!"

"मग तर देवाचाच उलवणा ऐकता," मागून कोणीतरी म्हणालं, आणि देऊळभर खसखस पिकली. गावातल्या यशोदेच्या नवऱ्यानं वेगळीच पुडी सोडली की ही ओरोसच्या नव्या जिल्हा कचेरीतून आली आहे, गाव रिकामा करून जमीन मोजणार. कावेरी रडकुंडीला आली. मग मीच म्हटलं, "भांडतास कित्याक? देवाक इचारा."

गावकारानं, गावच्या मानकऱ्यानं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान परसात जा काय वेटोळा पुरलेला आसा..."

"होय म्हाराजा!"

"तेच्यातसून ता सूर्याकडल्या लाटांचो ठाव घेता..."

"होय म्हाराजा!"

"ती मोठी लाट फुटता काय टिकता, ह्या तेका कळान दी, आणि तुझ्या राखणेत काय वाकडा-तिकडा होतला तर ता आत्ताच सांग रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गुरवानं देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली. देवानं हो म्हटलं. गुरुदासाचा चेहरा तिथल्या तिथे पालटला. देवानं एकदा हो म्हटलं की ते मशीन त्याच्या लेखी देवाचंच झालं. तो कावेरीकडे येऊन म्हणाला, "बाय, आता तुझ्या मशीनाक काय होवचा नाय. माझी जबाबदारी."

"काय करू नको, मामा," कावेरी म्हणाली. "फक्त लोखंड हलवू नको थंय."

"हलवणा नाय," गुरुदासानं छातीवर हात ठेवला.

मग ढोल वाजला आणि आम्ही निघालो. खाडीच्या काठी, वेशीपलीकडे झावळांच्या झोपड्या. लोक नाचतात, फुगड्या घालतात, ताजी मासळी भाजतात. मजेचा काळ. पण कावेरी? ती खाडीच्या कडेला उभी राहून गावाकडे अशी बघायची, जशी काही पाळण्यात मूल टाकून आली आहे. "टेप अडकली तर? बॅटरी उतरली तर?" मी तिला माझ्या सासऱ्यानं पकडलेल्या सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, गोष्ट सांगितली, ज्याच्या मिशीवर आम्ही दोन पावसाळे लुगडी वाळत घातली. तिनं नुसतं हूं केलं. मी मिशी वाढवून नारळाच्या झाडाएवढी केली, तरी हूं. एवढी चांगली गोष्ट फुकट गेली. मलाच वैताग आला.

"अगो, थंय जावक पण नको, तू हयसून नुसती बगतंस तरी गाव खाली रवणा नाय!" मी ओरडले.

अखेर परत जायचा कौल मिळाला. सगळे गुरं हाकत, बोचकी सावरत निघाले, आणि कावेरी सगळ्यांच्या पुढे पळाली. मी पोचले तेव्हा ती माजघरात मांडी घालून बसली होती. टेप उलटी फिरवून लावलेली, पेन चालू. कागदावर लाट होती.

तुम्हाला काय सांगू. एवढे दिवस त्या पेनानं नुसती गिचमीड केली होती. आणि आता ही लाट! उंच, गोल, एकसारखी, जशी कोणी कंगोऱ्याची किनार विणली आहे. हातभर कागद सरकला, लाट तशीच. फुटत नाही, तुटत नाही, मागे काही परतत नाही.

"आजये," ती कुजबुजली, "टिकली गो. एवढी मोठी, आणि टिकली. गणित म्हणता फुटतली, आणि ही बग!"

मी काय गप्प बसणार? मी चुलीत जाळ न घालताच बाहेर धावले. अल्याड-पल्याडच्या दोन घरांत सांगून आले की कावेरीला लाट मिळाली, सूर्याकडची, आमच्या घराएवढी. तिसऱ्या घरी ती देवळाएवढी झाली. चौथ्या घरी जाणार होते, पण म्हटलं आधी पोरीच्या तोंडात साखर घालू.

परत आले तर कावेरी हसत नव्हती. कागद जमिनीवर उलगडून ती गुडघ्यांवर बसली होती, आणि तिच्या कपाळाला तीच जुनी आठी.

"काय झाला?"

"ही लाट दुपार झाली की उठता. सांज झाली की उतरता. मग पाटे परत वायच उठता, आणि ऊन चढला की परत गप."

"मग? सूर्याचीच मा? सूर्य पण तसोच येता-जाता."

"तिनी दिवस तसाच. दुपारी खारो वारो सुटता तेव्हा मोठी. पाटे जमनीवरसून मतलई सुटता तेव्हा बारीक. मधल्या वेळेक पान हलणा नाय, तेव्हा लाट पण नाय." तिनं माझ्याकडे बघितलं. "आजये, सूर्याकडची लाट आमच्या परसातल्या वाऱ्याची वेळ कित्याक पाळता?"

ती उठून परसात गेली. मी मागोमाग. आणि फणसाखाली आम्ही दोघी थिजलो.

फणसाच्या आडव्या फांदीला लांब सुंभ बांधलं होतं. सुंभाच्या टोकाला, बरोबर त्या पुरलेल्या वेटोळ्याच्या वर, कोयती. चांगली हातभर लांब, घासूनपुसून लख्ख केलेली. खाऱ्या वाऱ्यावर मजेत झुलत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मूठ बघूनच मी ओळखलं. गुरुदासाच्या बापाची कोयती. आमच्याकडे घर रिकामं सोडताना राखणीला लोखंड ठेवतात, म्हणजे वाईटसाईट शिवत नाही. उंबऱ्यात एखादा खिळा ठेवला तरी चालतो. पण गुरुदासानं जबाबदारी घेतली होती ना. खिळ्यावर कसं भागेल! घरातलं सगळ्यात चांगलं लोखंड आणून त्यानं टांगलं.

"आत जा आणि पेनाकडे बग," कावेरी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. तिनं आत येऊन पेटीवरचा खटका फिरवला, म्हणजे पेन आता टेपवरून नव्हे तर सरळ वेटोळ्यावरून चालू झालं, आणि ती परत बाहेर गेली.

मी खिडकीतून ओरडले, "नाचता!"

तिनं कोयती हातात धरली. "आता?"

"थांबला!"

तिनं सोडली, बोटानं एक झोका दिला. "आता?"

"परत नाचता! देखणा नाचता!"

कावेरी फणसाला टेकून खाली बसली. "देखणा," ती म्हणाली. "एवढी देखणी लाट मी आख्ख्या जन्मात बगूक नाय. आणि ती कोयतीची!"

मी पदर खोचला. "थांब, त्या गुरुदासाक आत्ता बगतंय. मेल्याक सांगितलेला ना लोखंड हलवू नको म्हणान!"

"तेना खंय हलवलां?" कावेरी म्हणाली. "तेना बांधलां. हलवलां वाऱ्यान. काय सांगतलंस तेका?" आणि तिनं माझं लुगडं धरून मला खाली बसवलं.

मग तिनं बाकीची टेप बघितली, वारा पडलेल्या वेळची. तिथे खऱ्या लाटा होत्या. स्वच्छ होत्या, ती म्हणाली, इतक्या स्वच्छ तिनं कधी बघितल्या नव्हत्या. पण बारीक, तांदळाच्या कणीएवढ्या. सूर्यानं त्या तीन दिवसांत मोठी लाट पाठवलीच नव्हती. किंवा पाठवली असली तर कोयती झुलत असताना. आता ते कोणाला कळणार?

मला राहवेना. मी म्हटलं, "ऐक माझा. कोयती मी तांदळाच्या डब्यात लपवतंय. फणसाक काय तोंड नाय. तू सरांक सांग, मोठी लाट मिळाली आणि टिकली. वारो मुंबयत बसान कोण मोजता?"

"आजये!"

"अगो, वायच कापून-छाटून. मी तर रोज करतंय."

कावेरी कागद गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "तुझ्या सुंगटाची मिशी कोण खरी मानता?"

"कोण नाय," मी म्हटलं. मला जरा लागलंच ते.

"म्हणानच ती चलता. हसतत आणि घराक जातत. माझी लाट लोक खरी मानतले. तिच्यार आणखी गणिता मांडतले. सात समुद्रापलीकडे कोणतरी बसान डोक्या खाजवीत रवतलो, ही लाट फुटता कशी नाय म्हणान. आणि फणसार कोयती झुलता, ह्या तेका कोण सांगतला?"

मी फणफणत परसात गेले. मी कोयती सोडवून आडोळीशेजारी आपटली. निदान आता आवाज करायला बंदी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आचऱ्याच्या पोस्टात गेलो. मुंबईचा कॉल लावून बाकावर बसलो. लागेना. पोस्टातल्या सगळ्यांना गावपळणीच्या गजाली ऐकायच्या होत्या, मी आपली एक-दोन सांगितली. शेवटी लाइन मिळाली आणि कावेरी मुंबईच्या मराठीत ओरडायला लागली.

"सर, मोठी लाट मिळाली नाही! नाही, टेपवर आहे, पण ती... ती कोयतीची आहे!"

सगळ्या पोस्टाचे कान टवकारले.

"कोयती, सर! कोयती! नारळ सोलतात ती! लोखंडाची! झाडाला टांगलेली होती!" आणि पोरगी घामाघूम. "नाही सर, मी नाही टांगली! राखणीसाठी! ... देवचारांपासून, सर! ... हो सर. वारा पडलेला वेळ चांगला आहे, पण तिथे लहानच लाटा आहेत. ... हो सर. ... नाही सर. ... हो."

तिनं फोन ठेवला. मी नुसत्या भुवया उडवल्या.

"लहान लाटांवर लिही, म्हणाले. मोठीचो नाद सोड." तिनं नाक पुसलं. "फुडची गावपळण कधी, आजये?"

"देवाच्या मनात येतली तेव्हा. तीन वर्सा, चार वर्सा. मुहूर्त काय कॅलेंडरात रवता?"

"तवसर कोणीतरी दुसरो ती लाट बगीत," ती म्हणाली, आणि एस्टी येईपर्यंत दगडासारखी बसून राहिली. मला तिच्या सरांचा राग आला होता, गुरुदासाचा आला होता, सूर्याचा तर फारच.

गावात उतरलो तर वेशीवर गुरुदास म्हशीला घेऊन उभा. आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा कसा फुलला! माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी तयार ठेवलं.

"काय गो बाय, मशीन बरा रवला मगे?" तो कावेरीला म्हणाला. "मी सगळ्यांच्या मागसून भायर पडलंय. बापाशीची कोयती टांगून गेलंय, तुमी बगलास मा? तू सांगलंस लोखंड हलवू नको, म्हणान दोन गाठी मारलंय सुंभाक. तशी ती हलतली कशी!"

मी तोंड उघडलं. कावेरीनं माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"बरा रवला, मामा," ती म्हणाली. "देवचारान बोट पण लावूक नाय."

"आणि तुझी ती लाट?"

"ती यंदा इली नाय. सूर्याकडसूनच नाय इली. तुझो काय दोष नाय."

गुरुदास विचारात पडला. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग त्याचे डोळे चमकले.

"कमी पडली असतली राखण," तो म्हणाला. "एकाच कोयतीन काय होतला? चिंता करू नको, बाय. फुडच्या गावपळणीक मी चार बाजून चार टांगतंय."

कावेरीनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मलाही कळलं नाही. घराकडे चालायला लागली ती इतक्या भरभर, की मला तिच्यामागे धावावं लागलं.